हार्ट फेल

मंडळी, सकाळी डॉक्टरांनी माझ्या फाईलवर ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलं. पाय सुजतात, जिना चढताना दम लागतो, ते यामुळेच. गोळ्या आता कायमच्या. तेव्हापासून नुसता बसून आहे.

नव्वदच्या दशकात हेच दुखणं माझ्या वडिलांना, अण्णांना होतं. नगरच्या दवाखान्यातून मी पाथर्डीला घराशेजारच्या दुकानात फोन केला, “अण्णांचं हार्ट फेल झालंय, घरी आणतोय.” आमच्याकडं ‘हार्ट फेल’ म्हणजे माणूस गेला, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दुकानदारानं पाहुण्यांना निरोप धाडले.

आम्ही पोचलो आणि पाठोपाठ जीपभर पाहुणे रडत उतरले. अण्णा ओट्यावर चहा पीत होते. म्हणाले, “आलाय तर बसा, च्या घ्या. मी हाय अजून.”

सगळे हसले. अण्णाही हसले.

पुढं चार वर्षं जगले. पण दारात जीप थांबली, की अण्णा कप खाली ठेवायचे आणि उतरणाऱ्यांची तोंडं बघायचे.

मुलीला मघाशी फोनवर ‘जरा दम लागतो’ एवढंच सांगितलं. ती निघालीय. आल्यावर तिला कुठल्या शब्दांत सांगू? सुचवा काहीतरी. तोवर मी फाटकाकडं बघत बसलोय.