सासूबाईंच्या गाडीत ट्रॅक्टरचं तेल

वाळूजच्या एका कारखान्यात मी इंजिनाचे व्हॉल्व्ह तपासतो. व्हॉल्व्ह म्हणजे लांब दांडा आणि टोकाला बशीसारखं डोकं असलेली लोखंडी वस्तू. डोकं वर करून धरली तर भूछत्रासारखी दिसते. दांड्याची जाडी, बशीच्या कडेचा उतार, सगळं केसाहून बारीक मापात मोजायचं आणि वस्तू पास करायची किंवा लाल डब्यात टाकायची, एवढंच माझं काम. पास झालेला व्हॉल्व्ह पुढं इंजिनात बसून काय करतो, हे बघायला मी कधी गेलो नाही. माल गेटाबाहेर गेला की आमचा त्याचा संबंध संपला.

सासरी, म्हणजे सोयगावला, हा बारकावा पोचलाच नव्हता. तिथं पोचलं होतं ते एवढंच, की जावई इंजिनात आहेत. मीही कधी दुरुस्ती केली नाही. सासरी मिळणारा मान कुठल्या ना कुठल्या गैरसमजावर उभा असतो. माझा इंजिनावर होता, आणि त्यावर मी बरीच वर्षं पुरणपोळ्या खाल्ल्या.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या आणि हट्टानं एक जुनी, छोटी, पेट्रोलची गाडी घ्यायला लावली. कारण एकच. त्यांची थोरली बहीण अजिंठ्याला राहते, घाट चढून वर. तिचे गुडघे गेलेत, तिला कुठं जाता येत नाही. पूर्वी बहिणीकडं जायचं तर मामांचा मूड बघा, एसटीची वेळ बघा, कुणी सोडायला येतंय का बघा. गाडी आल्यापासून मामी दर आठवड्याला डबा घेऊन, कुणालाही न विचारता निघू लागल्या. ‘येते’ असं दारातून सांगायच्या, तेही गाडी चालू झाल्यावर.

दिवाळीत मी सासरी गेलो असताना मामांनी विषय काढला. मामा म्हणजे सासरे.

“जावईबापू, हिच्या गाडीत टिकटिक वाजतंय बगा. घड्याळ गिळल्यावानी.”

मी बॉनेट उघडायला लावलं, डोळे मिटले आणि कान लावला. खरं सांगायचं तर पातळ तेलावर चालणारी अशी छोटी इंजिनं तेवढी टिकटिक करतातच, ती निरोगी गाडीची टिकटिक होती. पण अंगणात शेजारची चार माणसं जमली होती, आणि ‘काही नाही’ हे उत्तर इंजिनातल्या जावयाला शोभत नव्हतं.

“टॅपेट,” मी म्हणालो.

कॉलेजात असताना माझ्याकडं एक जुनी मोटरसायकल होती. तिच्यात व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात पत्र्याएवढी फट ठेवावी लागायची. फट वाढली की टिकटिक. मग स्क्रू फिरवून ती नीट करायची, त्याला टॅपेट सेट करणं म्हणतात. माझं इंजिनाचं प्रत्यक्ष ज्ञान तिथं सुरू होऊन तिथंच थांबलं होतं.

मी पाने मागवले आणि भर अंगणात इंजिनाचं वरचं झाकण उघडलं. आत दोन लांब दांडे चमकत होते. त्यांच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. या दांड्याला कॅमशाफ्ट म्हणतात. तो फिरला की उंचवटा खाली येतो, व्हॉल्व्हला दाबतो, व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटा पुढं सरकला की स्प्रिंग त्याला परत वर ओढते. एक दांडा हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, दुसरा धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. मी बोट दाखवत हे सगळं सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या. मग मी टॅपेटचा स्क्रू शोधायला लागलो.

स्क्रू नव्हता.

पहिल्या व्हॉल्व्हवर नव्हता, म्हणून दुसऱ्यावर पाहिलं. मग पलीकडून पाहिलं. मग टॉर्च लावून पाहिलं. त्या गाडीत फट आपोआप भरून काढणारे, तेलाच्या दाबावर चालणारे छोटे टेकू होते. माणसाला फिरवायला काही ठेवलंच नव्हतं. हे मला फार नंतर कळलं. त्या क्षणी कळलं ते एवढंच, की सगळं अंगण माझ्याकडं बघतंय.

“सापडंना व्हय?” मामांनी विचारलं.

“सापडलं,” मी झाकण लावत म्हणालो. “सेटिंग ठीक आहे. तेल पातळ पडतंय.”

आमच्याकडं जुनं इंजिन वाजायला लागलं की त्यात घट्ट तेल घालायची पद्धत आहे. ट्रॅक्टर असो, पंपाचं इंजिन असो, औषध एकच. मामांच्या गोठ्यात ट्रॅक्टरच्या इंजिनाचं तेल होतंच. गाडीतलं पातळ, पिवळंधमक तेल मी काढलं. “हे काय, पाणी हाय नुसतं,” असं मामा त्याच्याकडं बघून म्हणाले, मीही हसलो, आणि ते मधासारखं घट्ट तेल ओतलं. गाडी चालू केली. टिकटिक खरोखर दबली. त्या रात्री माझ्या ताटात तूप जरा जास्तच होतं.

थंडी वाढली तशी गाडी बिघडत गेली. सकाळी चालू केली की आतून डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट. मग समोर इंजिनाचा पिवळा दिवा. आणि चढावर दम गेला. एकदा अजिंठ्याच्या घाटात गाडी वळणावरच गचके खाऊन बंद पडली. मागं ट्रकांची रांग, हॉर्न, आणि मामी एकट्या. तासाभरानं कुणीतरी ढकलून बाजूला घेतली.

मामांनी त्याच दिवशी निर्णय दिला. ते रागावले नव्हते, घाबरले होते. पण घाबरले की त्यांना रागावल्यासारखंच बोलता येतं, तसं ते बोलले. गाडी विकायची. फर्दापूरचं एक गिऱ्हाईक रविवारी बघायला येतंय.

मामींचा मला फोन आला.

“जावईबापू, शनिवारच्या आत या. तुम्ही हात लावल्यापासून ती रुसलीय.”

मी शुक्रवारी पोचलो. शनिवारी पहाटे आम्ही दोघं गाडी घेऊन शहराकडं निघालो. चालवत मामी होत्या. घाटात गाडी पहिल्या गिअरमध्ये अशी कण्हत होती की शेजारून जाणारा भरल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टरवाला आमच्याकडं दयेनं बघत पुढं गेला. त्याच्या इंजिनात आणि आमच्या इंजिनात तेल एकच होतं, पण ते त्याला मानवलं होतं.

क्रांती चौकापासून जवळच माझ्या डिप्लोमाच्या वर्गमित्राचं गॅरेज आहे. वर्गात तो माझ्या मागं बसून माझं बघून लिहायचा, आणि आता तो गाडीवाल्यांना ज्या आवाजात उपदेश करतो तो ऐकला की वाटतं, उलटं होतं की काय. त्यानं गाडीला स्कॅनर लावला, पडद्याकडं पाहिलं आणि जाहीर केलं, “टायमिंग चेन ढिली झाली. पूरा इंजिन खोलना पडेगा, भाऊ. पंधरा दिवस सोड गाडी.”

मामींचा चेहरा पडला. “उद्या गिऱ्हाईक येतंय हो. उद्या चालली नाय तर गेली ती.”

“जाऊ द्या की मावशी. दुसरी घ्या.”

“दुसरी घ्यायला ते देणारेत व्हय?” मामी म्हणाल्या.

त्यावर वर्गमित्र परत गाडीकडं वळला. मग सवयीनं तेलाची पट्टी ओढून बोटावर तेल घेतलं. बोटं चोळली. वास घेतला. परत चोळली.

“यात तेल कोणी टाकलंय?”

मी गॅरेजच्या छताकडं पाहायला लागलो. छताला बघण्यासारखं काही नव्हतं.

“जावईबापूंनी,” मामी सरळ म्हणाल्या. “ट्रॅक्टरचं.”

वर्गमित्रानं चष्मा काढला, खिशात ठेवला आणि बाकड्यावर बसून हसला. हसून झाल्यावर परत माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा हसला. “यार, तू व्हॉल्व्ह बनवतोस ना?”

“मोजतो.”

“मोजतोस. बराबर. मोजणाराच हे करू शकतो.” मग जरा ओशाळून म्हणाला, “म्हणजे चेन नाही. मीच घाई केली.”

तो मामींना समजावून सांगायला लागला, पण त्याची भाषा चेन, फेजर, सोलेनॉइड अशी चालली होती आणि मामी माझ्याकडं बघत होत्या. तेव्हा मी तोंड उघडलं. इतकी बेअब्रू झाल्यावर आणखी काय व्हायचं होतं.

“मामी, लग्नातली पंगत धरा. मांडवाला दोन दारं. एकातून जेवायला येणारे, दुसऱ्यातून जेवून जाणारे. हे दोन व्हॉल्व्ह.”

“बरं.”

“माणसं निवांत असली, गर्दी नसली, तर आधीची पंगत उठून बाहेर गेल्यावरच येण्याचं दार उघडायचं. नाहीतर येणारे नि जाणारे एकमेकांच्या अंगावर. गाडी जागेवर उभी असते तेव्हा इंजिनाचं असं असतं. पण चढ लागला, भार आला, म्हणजे माणसं दाटली. मग जाणारे बाहेर पडत असतानाच येण्याचं दार उघडायचं. जाणाऱ्यांच्या ओढीनं येणारे आत खेचले जातात, मांडव भरतो.”

“म्हणजे दार कधी उघडायचं ते गर्दी बघून ठरवायचं.”

“तेच. जुन्या गाड्यांत दाराची वेळ ठरलेली, बदलायची नाही. या गाडीत बदलते. कॅमशाफ्टच्या टोकाला एक चाक आहे, त्याच्या आत कप्पे. गाडीचा कॉम्प्युटर गर्दी बघतो आणि एका छोट्या, बोंडल्यासारख्या तोटीतून त्या कप्प्यांत तेल सोडतो. तेलाच्या जोरानं दांडा जरासा पुढंमागं वळतो, दार लवकर किंवा उशिरा उघडतं.”

“आणि तुम्ही तिथं ट्रॅक्टरचं तेल घातलं.”

“हो.”

“थंडीत गोठल्यावानी घट्ट. ते बारीक भोकातून जाणार कसं?”

“नाही जात. निरोप उशिरा पोचतो. मांडवात गर्दी, आणि दारावरचा माणूस पेंगलेला.”

मामी उघड्या बॉनेटकडं वळल्या. “मग तिची काय चूक नव्हती,” त्या म्हणाल्या. गाडीबद्दल.

वर्गमित्रानं ते तेलाचं बोंडलं काढून दाखवलं. त्याच्या तोंडाशी चहाच्या गाळणीहून बारीक जाळी होती आणि ती काळ्या चिकट गाळानं लिंपलेली. ती धुतली, आतलं तेल दोनदा काढून टाकलं, फिल्टर बदलला, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेच पातळ तेल भरलं. गाडी चालू केली. टिकटिक परत आली. मला ती इतकी गोड कधी लागली नव्हती.

पण येताना सगळा उतार होता. चढावर ती ओढते की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. टोपी घातलेला, हळू बोलणारा माणूस. गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारून पाहिली, चहा घेतला. मामा म्हणाले, “चावी द्या त्यांना, चालवून बगू द्या.”

“ट्रायल मीच देते,” मामी म्हणाल्या. “तुमी बसा.”

गिऱ्हाईक पुढं, मामा आणि मी मागं. मला वाटलं गावातल्या गावात एक चक्कर होईल. मामींनी गाडी सरळ फर्दापूरच्या रस्त्याला घातली. फर्दापूर आलं, गिऱ्हाइकाला वाटलं, गाडी आपल्या घरच्यांना दाखवायला नेतात. फर्दापूर मागं पडलं.

“कुठं चालली?” मामांनी विचारलं.

“गाडी सपाटीवर काय बगायची.”

घाट सुरू झाला. समोर उसाचा ट्रक कण्हत चाललेला. मी सीटची कड धरली. मला त्या चाकातल्या कप्प्यांत तेल जाताना दिसत होतं. मामींनी मोकळा रस्ता बघितला, दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग इंजिनाचा आवाज बदलला, खालून कुणी ढकलावं तशी गाडी उचलली आणि आम्ही ट्रकाच्या पुढं होतो. गिऱ्हाइकाची टोपी सरकली होती. मामांनी नकळत माझा गुडघा पकडला होता, तो त्यांनी वळण संपल्यावर सोडला.

अजिंठ्यात बहिणीच्या दारात गाडी थांबली. थोरल्या मावशी ओट्यावर बसल्या होत्या, त्यांनी उठायचा प्रयत्न केला, मामींनी उठू दिलं नाही. चहा झाला. गिऱ्हाईक मामांच्या जवळ सरकलं.

“गाडी पसंत हाय. आजच नेतो.”

मामांनी बशीतला चहा संपवला. ओट्यावर दोघी बहिणी एकमेकींच्या इतक्या जवळ बसून बोलत होत्या की काही ऐकू येत नव्हतं.

“आसं हाय,” मामा शेवटी म्हणाले. “एवढी चांगली हाय, तर मी कशाला देऊ?”

“अहो, तुम्हीच बोलावलं की मला.”

“बोलावलं व्हतं ना. चहा पाजला की.”

गिऱ्हाईक माझ्याकडं बघायला लागलं. मी बशीकडं बघितलं.

जायची वेळ झाली तशा मामी बाहेर आल्या. चावी त्यांच्याच हातात होती. “मी उद्या येते,” त्या म्हणाल्या. “तिला दवाखान्यात न्यायचंय सिल्लोडला. तुमी तिघं एसटीनं जा.”

मामांनी तोंड उघडलं, पण मामी तोवर आत गेल्या होत्या.

मग आम्ही तिघं, एक सासरा, एक जावई आणि एक हुकलेलं गिऱ्हाईक, स्टँडवर जाऊन उन्हात उभे राहिलो. एसटीला वेळ होता. मामांना बहुतेक त्या माणसाचं वाईट वाटलं असावं. त्यांनी त्याला शेंगदाणे घेऊन दिले आणि म्हणाले, “तुमाला दुसरी बगून देतो मी. पण पेट्रोलची घ्या. चढावर लई पळते.”