मिरचीच्या गोदामातली गाडी

गाडीवरचं जाड कापड ओढून काढलं आणि आम्ही सगळे एकामागून एक शिंकायला लागलो. धुळ्यातलं ते गोदाम पूर्वी मिरचीचं होतं. शेवटचं पोतं जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी भिंतींनी तिखटपणा सोडला नव्हता. मी शिंकले, माझा नवरा शिंकला, गाडीचे मालकही शिंकले. त्यांच्या पत्नी तेवढ्या दाराशी तोंडावर हात धरून हसत उभ्या होत्या. त्यांना सवय असावी. डोळे पुसून मी समोर पाहिलं, तेव्हा ती दिसली. गर्द हिरवी, दोन दारांची, जमिनीला इतकी चिकटलेली की तिचं छप्पर माझ्या खांद्याच्याही खाली होतं. मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद. झाकणाखाली उभं असलेलं जनावर आपण उठवलं आणि आता ते काय करील ते पाहायचं, असं काहीसं मला वाटलं. मी दोन पावलं मागे सरकले, हे नवऱ्याने नंतर सांगितलं.

मी जळगावात पॅथॉलॉजीची लॅब चालवते. दिवसभर डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून बसायचं, हे माझं काम. माहेर असोद्याचं, केळीवाल्या घरातलं. गाडी चालवायला मी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या ट्रॅक्टरवर शिकले. आमच्याकडे गाडी म्हणजे उंच, पांढरी, सात जण बसतील अशी. तिच्यातून लग्नाला जाता आलं पाहिजे, ती शेतात उतरवता आली पाहिजे आणि येताना मागे केळीचा एखादा घड मावला पाहिजे. असल्या गावात राहून मला शर्यतीच्या घराण्यातली गाडी का हवी होती, तर एका आवाजापायी. एकदा नाशिकहून परतताना मालेगावच्या अलीकडे अशी एक गाडी आमच्या शेजारून गेली. दिसली अगदी थोडी. पण तिचा आवाज कानात नाही, छातीच्या हाडात वाजला.

नवरा शाळेत भूगोल शिकवतो. त्याला गाड्यांचं काही नाही. माझं सगळं ऐकून घेऊन त्याने एकच विचारलं, "भाजी कुठे ठेवायची?"

नवी घेणं आमच्या आवाक्याबाहेर होतं. वापरलेली शोधताना पुण्या-मुंबईच्या बऱ्याच पाहिल्या. कुणाचा सायलेन्सर बदललेला, कुणी ती इतकी पळवलेली की सुरू करताच दम लागल्यासारखी थरथरायची. शेवटी नाशिकचा एक मिस्त्री, ज्याच्याकडे मी अशा गाड्या तपासून घ्यायची, म्हणाला, "मॅडम, तुम्ही एवढ्या लांब कशाला फिरताय? तुमच्या शेजारी धुळ्यात एक आहे. सुरुवातीपासून मीच तिचं काम करतो." तो आधी जाऊन बॅटरी चढवून, इंजिन ऐकून आला होता. टायर झिजलेले नाहीत पण उभे राहून कडक झालेत, ते बदला, बाकी काही बघू नका, एवढाच त्याचा अभिप्राय.

मालक मिरचीचे जुने व्यापारी. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण त्यांच्या आजोबांपासून सगळे धुळ्यातच वाढलेले. धंदा मुलांच्या हाती दिल्यावर त्यांनी ही गाडी नवी घेतली होती. दर रविवारी सकाळी पत्नीला शेजारी बसवून सोनगीरपर्यंत जायचं आणि परत यायचं, इतकाच तिचा उपयोग. बाकी सहा दिवस ती त्या गोदामात, कापडाखाली.

"कशाला हवी तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं.

मी मालेगावजवळचा तो आवाज सांगितला.

त्यांनी मान हलवली. "आधी दोघं येऊन गेले. एकाला फोटो काढायचे होते. दुसऱ्याला मुलाच्या वरातीत हवी होती. दोघांनाही नाही म्हटलं." मग पत्नीकडे वळून ते मारवाडीत काहीतरी बोलले.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारच्या घरात गेल्या. जरा वेळाने आल्या तेव्हा त्यांच्या हातात किल्ली होती आणि किल्लीच्या कडीत तुरीच्या डाळीचे दाणे अडकले होते. त्यांनी ते नखाने काढले.

"डाळीच्या डब्यात ठेवली होती," त्या मला म्हणाल्या. "हेच म्हणाले होते, मला सापडणार नाही अशी ठेव."

"मग शोधली का त्यांनी?" नवऱ्याने हसत विचारलं.

"एकदाही नाही."

मला यातलं काही कळलं नाही. मला घाई झाली होती.

नवरा आणि काकू चहाला थांबले. मी चालवायला बसले, काका शेजारी. बसले म्हणजे खाली उतरले म्हणायला हवं. डोळे रिक्षाच्या चाकांच्या पातळीला आले. बटण दाबलं आणि पाठीमागून तो आवाज आला. आधी एक खोकला, मग खालच्या पट्टीत धरलेला सूर. गोदामाचा पत्रा त्या सुराने झिणझिणला.

धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. काकांना त्या गल्ल्यांमधला एकूण एक गतिरोधक पाठ होता. "आता येईल. तिरकी घे. एक चाक आधी, मग दुसरं." मी तसं करत गेले. म्हशी, हातगाड्या, शाळेच्या रिक्षा. गाडी निमूट चालत होती, पायाखाली मात्र काहीतरी दाबून धरल्यासारखं जाणवायचं. मग आम्ही आग्रा रोडला लागलो. उन्हाळा अजून यायचा होता, कापूस निघून गेल्यावरची रानं उघडी पडली होती आणि सोनगीरच्या बाजूला रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसत होता.

"आरशात बघ," काका म्हणाले. "मागे कुणी आहे?"

"नाही."

"मग आता."

मी पाय दाबला.

पुढचं मी अनेकांना सांगायचा प्रयत्न केला आहे आणि दर वेळी ते कमी पडलं आहे. गाडीने वेगमर्यादा ओलांडली नाही, मी ओलांडू दिली नाही. पण त्या आकड्यापर्यंत पोहोचण्याची तिची रीतच वेगळी होती. कुणीतरी दोन्ही हातांनी पाठीला धरून उचलावं, तसं झालं. आवाज वर चढत गेला, आणि त्यात कुठे कर्कशपणा नव्हता. रस्त्याच्या कडेच्या बाभळी, टपऱ्या, दगड सगळं एका रेषेत ओढलं गेलं आणि समोरचा रस्ता मात्र एकदम स्वच्छ आणि शांत झाला. मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी देवळात घंटा वाजून गेल्यावर जशी शांतता पसरते, तशी आत पसरली. माणसांनी हे बनवलं, हा विचार मनात आला. लोखंड, रबर आणि तेल घेऊन कुणीतरी बसलं आणि हे बनवलं. आयुष्यभर मी पेशी पाहत आले, माणसाने न बनवलेल्या गोष्टींपुढे थक्क व्हायची मला सवय होती. माणसाने बनवलेल्या वस्तूपुढे त्या दिवशी पहिल्यांदा झाले.

तेवढ्यात डावीकडच्या रानातून मेंढ्या चढताना दिसल्या. मी ब्रेक दाबला. गाडी नाक जरा खाली घालून सरळ रेषेत थांबली, टायरांचा आवाजसुद्धा झाला नाही. मेंढ्या अजून पुष्कळ पुढे होत्या.

"का थांबलीस?" काकांनी विचारलं.

मला वाटलं, परीक्षा घेताहेत. मेंढ्या त्यांच्याच बाजूने येत होत्या. बघता बघता पुढच्या काही गाडीपाशी पोहोचून त्यांच्या दाराला अंग घासू लागल्या. ते समोर बघत होते.

"काका, मेंढ्या आहेत."

"कुठे?"

मी उत्तर द्यायच्या आत कळप गाडीच्या पुढून रस्त्यावर पसरला आणि ते म्हणाले, "हां. दिसल्या."

गाडी बंद करून मी बसून राहिले. मेंढ्या दोन्ही बाजूंनी वाहत होत्या, दुभाजकाच्या फटीतून पलीकडे जात होत्या. मागून एक घोडं आलं, त्याच्या पाठीवर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडावर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. घोड्यासोबतची ठेलारी, म्हणजे इकडच्या मेंढपाळांतली, बाई आमच्यापाशी थांबली. तिने गाडी पुढून मागून पाहिली आणि बैलाच्या मानेवर ठेवावा तसा तळहात मागच्या, इंजिनावरच्या झाकणावर ठेवला.

"गरम शे," ती म्हणाली. "पन दमनी नही."

काका मोठ्याने हसले. काच खाली करून त्यांनी तिच्याच अहिराणी बोलीत सांगितलं, "नही, माय. आजून सुरुवातच शे."

ती गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पूर्ण मान वळवून पाहिलं. तोपर्यंत माझ्या लक्षात यायला हवं होतं की ते दर वेळी पूर्ण मान वळवूनच पाहतात.

"तू डॉक्टर आहेस, समजली असशील," ते म्हणाले. "समोरचं अजून चांगलं दिसतं. बाजू गेल्या."

"काचबिंदू?"

"हो. पण ते नाव नंतर कळलं. आधी एक सायकलवाला भेटला. अशीच रविवारची सकाळ होती, ही शेजारी बसली होती. ही एकदम म्हणाली, अहो, सायकल. मी थांबलो. सायकलवालाही थांबला, मग निघून गेला. शिवीसुद्धा दिली नाही त्याने. त्याला काही झालं नाही, आम्हाला नाही, गाडीलाही नाही. पण तो मला दिसला नव्हता." त्यांनी काच वर केली. "हळूहळू घरी आणली. किल्ली हिच्याकडे दिली. मग जेवलो."

"आणि डॉक्टरकडे?"

"ते पुढच्या आठवड्यात गेलो. तोवर चालवणं सोडून झालं होतं."

माझ्या लॅबमध्ये रोज माणसं येतात. कागदावर काय आहे ते समोर दिसत असताना म्हणतात, पुन्हा तपासा, दुसऱ्या कुणाचा नमुना असेल, मला तर काही होत नाही. मीही माझ्या गुडघ्याबद्दल असंच म्हणते. आणि या माणसाने, जिला सहा दिवस कापडाखाली जपून सातव्या दिवशी बाहेर काढायचं ती एकुलती एक हौस, कुणी सांगायच्या आत, एका सकाळी सोडली. त्या रस्त्यावर मला दोन गोष्टी अजब वाटल्या. गाडी किती पटकन थांबली ही एक. दुसरी मी त्यांना बोलून दाखवली नाही.

परत येताना त्यांनी एकदाही "आता" म्हटलं नाही. गोदामाशी उतरल्यावर म्हणाले, "तू मेंढ्यांच्या बऱ्याच अलीकडे थांबलीस. घेऊन जा."

व्यवहार सरळ झाला. कागदपत्रं झाली, टायर बदलले आणि एका सकाळी आम्ही गाडी आणली. पारोळा, एरंडोल करत मी पुढे आणि नवरा आमच्या जुन्या गाडीतून मागे. एरंडोलला चहाच्या टपरीवर गर्दी जमली. एकाने विचारलं, "मॅडम, हिला वर करता येते का?" दुसरा म्हणाला, "अरे, उलटी आहे ती, इंजिन मागे आहे." मग सगळे मागे जाऊन उभे राहिले.

जळगावात न थांबता आधी असोद्याला गेले. गावातल्या रस्त्यावर गाडीचं पोट दोनदा घासलं. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून आत पाहिलं.

"हे गाडी बसासाठी हाये का निजासाठी?"

"बसा तर खरं, आबा."

त्यांना आत बसवायला मला आणि नवऱ्याला दोघांनाही हात लावावा लागला. गावाबाहेर, केळीच्या बागांमधून जाणाऱ्या मोकळ्या पट्ट्यावर मी पाय थोडाच दाबला. आबांनी डॅशबोर्ड धरला. मग सोडला. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते आपल्याच बागांकडे असे पाहत राहिले, जणू त्या दुसऱ्या कुणाच्या आहेत. घरी पोहोचल्यावर बराच वेळ ते उतरेनात. मला वाटलं, कंबर धरली.

"काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "मले वाटे, या वयात आता नवं काही वाटाचं नाही."

पावसाळा संपल्यावर मी धुळ्याला गेले. काकांना एक चक्कर मारून आणावी, असं मनात होतं. त्यांनी गाडीच्या छपरावर हात ठेवला, तो मागच्या उतारावरून खाली शेवटापर्यंत नेला आणि नको म्हणाले. "सोडलं ते सोडलं. काकूला घेऊन जा. हिला सोनगीरला पितळेची भांडी घ्यायची आहेत."

काकू कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. आग्रा रोडला लागल्यावर म्हणाल्या, "पहिल्यांदा बसले तेव्हा मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. जन्मभर मिरची विकली आणि म्हातारपणी हे. मग इथेच कुठेतरी हे मला म्हणाले, ऐक."

"काय?"

"हेच. हिचा आवाज. चाळीस वर्षांच्या संसारात यांनी मला पुष्कळ गोष्टी ऐकवल्या. भाव, उधारी, पाहुणे. ज्याचा काही उपयोग नाही असं काहीतरी ऐक म्हणाले ते पहिल्यांदाच. त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही."

रस्ता मोकळा होता. त्यांनी आपली काच खाली केली. मी आरशात पाहिलं आणि पाय दाबला.

सोनगीरला त्यांनी दोन तांबे आणि एक परात घेतली. परात मागच्या चिमुकल्या सीटवर कशीबशी मावली आणि परतीच्या वाटेवर प्रत्येक वळणाला खणखणत राहिली. काका फाटकाशीच उभे होते.

"रस्ता कसा होता?" त्यांनी विचारलं.

"चांगला," काकू म्हणाल्या, आणि आम्ही परात उचलून आत चहाला गेलो.