नव्वद मार्कांचा स्ट्रायकर

“हाच का तुमचा नव्वद मार्कांचा?” आमचे जीएम कुलकर्णी साहेब म्हणाले. समोर आमचा नवा स्ट्रायकर संदेश नडगी धरून मैदानात बसला होता. हाफटाइमपर्यंतची ही चौथी बैठक.

“हो सर.”

मी तेव्हा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत पर्सोनेल ऑफिसर होतो. नव्वदच्या दशकात तिथल्या काही कंपन्यांच्या फुटबॉल टीम असत. चांगल्या कॉलेज खेळाडूला नोकरी द्यायची. त्याने सकाळची शिफ्ट करायची आणि संध्याकाळी कंपनीसाठी खेळायचं. त्या वर्षी जागा एक आणि पोरं बावीस. निवड माझ्या गळ्यात पडली, कारण ऑफिसात वयाने लहान मीच. आमच्या तालुक्याच्या शाळेत फुटबॉल एकच होता आणि तो हेडमास्तरांच्या कपाटात असे.

पण मार्कांवर माझी श्रद्धा. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, मार्कांनीच इथवर आणलं. म्हणून शंभर मार्कांचा पेपर काढला. स्पीड, शूटिंग, हेडिंग वगैरे. पोरांना आपसांत खेळवलं. संदेश नव्वद मार्कांनी पहिला. तळवलीच्या नितीनला अठ्ठेचाळीस. त्याला मी “सराव वाढव” असा सल्लाही दिला, तो अगदी मनापासून.

कॉलेजात समोर हलकी पोरं असतात. कंपनीच्या मॅचमध्ये समोरचा डिफेंडर चाळिशीचा, पर्मनंट, दोन मुलांचा बाप. त्याला बॉल दिसत नाही, नडगी दिसते. हे पेपरात नव्हतं.

संदेशचं प्रोबेशन, म्हणजे कच्ची नोकरी, सहा महिन्यांची. पाच संपले होते. गोल शून्य. त्या दिवशी समोरच्या कंपनीकडून नितीन खेळत होता. त्याचे दोन झाले होते.

“उद्या लेटर टाइप करा,” साहेब म्हणाले. “घरी पाठवा याला.”

“सर, चूक पेपर काढणाऱ्याची आहे.”

“मग तुम्हाला पाठवू?”

आमचे कॅप्टन, फिटर म्हात्रेमामा, लिंबाची फोड चोखत मध्ये पडले. “साहेब, महिना हाय ना अजून? द्या मना. पोरगा धावतो बरा. लाथ खायाला शिकला नाय, एवढाच.”

“घ्या. पण महिनाच.”

महिनाभर शिफ्ट सुटली की मामांचे फिटर आणि संदेश. तो रोज माझ्या टेबलाशी येऊन नवी सूज दाखवायचा. “सर, हे कुठल्या प्रश्नात येतं?” शेवटी मामांनी त्याला डिफेन्सला घातलं. त्याच कंपनीशी पुढच्या मॅचला नितीनने सतरा वेळा बॉल घेतला असेल. संदेशने त्याला वळूच दिलं नाही. लाथाही स्वतःच मारल्या.

साहेबांनी कन्फर्मेशनच्या लेटरवर सही केली. “याला गोल मारता येत नाही, हे तुम्ही ट्रायलला पाहिलं नाहीत?”

“सर, ट्रायलला त्याने सहा मारले होते.”

पुढच्या ट्रायलपासून मी पोरांसमोर शिफ्ट करून आलेले चार फिटर उभे केले. तरी माझे निम्मे अंदाज चुकलेच. मार्कलिस्ट मात्र तेव्हापासून पेन्सिलने लिहितो.