देवळाच्या भोंग्यावर माझा आवाज

बदनापूरच्या फलाटावर अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. ते शेजारी उभ्या एका अनोळखी माणसाला पीकविम्याचे पंचनामे कसे चुकतात ते पटवून देत होते. मी मेलबर्नला निघाले होते, मुंबईची गाडी यायला दहा मिनिटं होती, आणि माझ्या बापाला विमा सुचत होता. गाडी आल्यावर बॅग आत ढकलून एवढंच म्हणाले, "तिकडं कोणी विचारलं तर तोंड उघडून बोल. मुकाट बसू नको." आई आदल्या वर्षीच गेली होती, त्यामुळे आमच्या घरातलं रडण्याचं खातं रिकामं होतं. मीही रडले नाही. तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता, आता वाटत नाही.

अण्णा हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. संध्याकाळच्या बातम्या संपल्या की ते देवळाच्या ओट्यावर रेडिओ बंद करत आणि जमलेल्या प्रत्येकाला मत विचारत. कांदा असो, निवडणूक असो, कुणाच्या लग्नातला डीजे असो. भांडणं होत, दोन दिवस अबोला धरला जाई, तिसऱ्या दिवशी सगळे परत हजर. सकाळी ओसरीवर लोकांचे अर्ज लिहून देत. निराधार पेन्शनचे, सातबाऱ्यावरच्या नावदुरुस्तीचे. हेडमास्तरांचा अर्ज म्हटलं की गावातलं कोणी तो परत वाचून बघत नसे.

मी इथे एज्ड केअरमध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या सेंटरमध्ये, काम करते. अकरा वर्षं झाली. सातच्या शिफ्टला दुसऱ्यांच्या वडिलांची दाढी करते, त्यांना गोळ्या देते, चौथ्यांदा तोच प्रश्न आला तरी हसून उत्तर देते. त्याचाच पगार मिळतो. जे माझ्यासारखे निघून आलेत त्यांना यातली गंमत सांगायला नको.

इथल्या कम्युनिटी रेडिओवर रविवारी एक तास मराठीचा असतो. तिघं-चौघं बसून चालू घडामोडींवर चर्चा करतात. एका रविवारी विषय होता, मागे राहिलेले आईबाप. मी या कामातली जाणकार म्हणून मला आग्रहाचं बोलावणं आलं. बुधवारी अण्णांना फोनवर सांगितलं, लिंकही पाठवली. त्यांनी दोनदा विचारलं, "कोणत्या वारी?" रविवारपर्यंत विसरतील, असं माझ्या मनात आलं, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. काय बोलायचं ते माझं ठरलेलं होतं.

स्टुडिओत एक आयटीवाले गृहस्थ म्हणाले, व्हिडिओ कॉलमुळे अंतर उरलंच नाही. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, माझे वडील गावात एकटे राहतात. गेल्या महिन्यात बदनापूरहून परत आले आणि त्यांना स्वतःचं घर सापडेना. गॅस चालू राहतो. लोकांचे अर्ज लिहितात, आता त्यांच्या हातचा अर्ज कोणी डोळे झाकून देऊ नये. हे सगळं मला शेजारच्या संगीता वहिनीनं, माझ्या चुलतभावाच्या बायकोनं, विश्वासानं सांगितलं होतं. निवेदिका म्हणाली, अंगावर काटा आला. मीही खूश होऊन ट्रामनं घरी निघाले. फोनवर वहिनीचे सात मिस्ड कॉल होते.

अण्णा विसरले नव्हते. कॅलेंडरवर त्यांनी मोठ्या अक्षरात वेळ लिहून ठेवली होती. गावातलं कोणी टीव्हीवर किंवा रेडिओवर येणार असलं की आमच्याकडे फोन देवळाच्या भोंग्याला जोडतात. अण्णांनी सकाळी इस्त्रीचा सदरा घातला, घरोघरी जाऊन निरोप दिला आणि सगळ्यांना ओट्यावर बसवलं.

"ताई, अख्ख्या गावानं ऐकलं," वहिनी म्हणाली. "अण्णा मधातूनच उठून घरी गेल्ते. मी तुम्हाला घरातलं म्हणून सांगितलं, मंग तुम्ही रेडिओवर का सांगितलं?"



सोमवारी अर्ज घेऊन कोणी आलं नाही. मंगळवारीही नाही. तीन आठवडे अण्णा फोनवर आले नाहीत. वहिनी दर वेळी सांगे, "पेपर वाचून राह्यले." माणसाचं काम सुटलं की विसरणं कसं झपाट्यानं वाढतं, ते मी रोज बघते. मला शिफ्टमध्ये भीती वाटायला लागली. मी एका वाक्यात बापाचं काम घालवलं होतं.

शेवटी मीच निवेदिकेला म्हटलं, पुढच्या रविवारी त्यांना फोनवर पॅनलमध्ये घ्या. ती घाबरली. लाइव्ह आहे, अडखळले तर? मी म्हटलं, अडखळू देत. अण्णा वहिनीच्या फोनवरून बोलायला तयार झाले, पण एका अटीवर. भोंगा लावायचा. त्यांच्या स्वतःच्या फोनवर कार्यक्रम लागणार आणि अख्खं गाव ऐकणार.

पहिली दोन मिनिटं ते गावच्या शाळेवर फार सुरेख बोलले. मग मध्येच थांबले. स्टुडिओत कोणी हलेना. निवेदिकेनं मला खूण केली. अशा वेळी शब्द पुरवायचा, हे आम्हाला कामावर शिकवलेलं आहे. मी तोंड घट्ट मिटून बसले.

"काय बोलून राह्यलो होतो ते गेलं डोक्यातून," अण्णा म्हणाले. "जाऊ द्या. पोरगी खोटं बोलली न्हाई, मी इसरतो. म्हणून अर्ज मी दोनदा वाचतो, तिसऱ्यांदा समोरच्याकडून वाचून घेतो. ज्याला पटल त्यानं यावं." मग म्हणाले, "आता माझा पोरीला एक प्रश्न. तू लोकाच्या बापाचं बराबर करतीस. तू घरी कधी येणार?"

अकरा वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "ड्यूटीचं रोस्टर बघून सांगते." बोलले आणि मलाच ऐकू आलं. आमच्या सेंटरमध्ये म्हाताऱ्यांची मुलं फोनवर हेच म्हणतात, आणि मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवते. अण्णा "बरं" म्हणाले. निवेदिकेनं त्यांची लाइन काढून घेतली, आणि शेवटच्या तीन मिनिटांत आम्ही पार्किंगच्या नव्या नियमांवर बोललो.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी नावदुरुस्तीचा कागद घेऊन अण्णांकडे आली, असं वहिनीनं कळवलं. आणखी एक सांगितलं. रविवारी अण्णांनी फोन ठेवल्यावर लोक उठायला लागले, कोणी भोंगा बंद करायला गेलं, तर अण्णा म्हणाले, "राहू द्या. अजून कार्यक्रम संपला न्हाई. ती पुढं काही बोलती का बघू."

तुझं घर कुठं, असं इथे कोणी विचारलं की मी अजूनही गावाचं नाव सांगते. पण माझ्या मनात येतो तो रिकामा ओटा, भोंग्याखाली एकटे बसलेले अण्णा, आणि पार्किंगवर बोलणारी मी.