एका आरोपीचे दोन अहवाल

चंडीगडच्या एका सरकारी रुग्णालयात मी तेव्हा आपत्कालीन विभागात होते. पोलीस कोठडीतल्या माणसांची ठरावीक दिवसांनी वैद्यकीय तपासणी करावी लागते. ते काम आमच्याकडे पाळीपाळीनं येई. एका जानेवारीत दुपारी दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्या एकाला आणलं. तिशीही न गाठलेला, मोहालीत मोबाइल दुरुस्त करणारा. सोबत सहा पोलीस. त्याच्याआधी माझ्या वरिष्ठांचा फोन येऊन गेला होता. वरून निरोप आहे, फार वेळ लावू नकोस, असं ते म्हणाले होते.

मी रक्तदाब घेतला, छाती तपासली, काही त्रास होतोय का विचारलं. त्यानं शेजारच्या पोलिसाकडे पाहिलं आणि नाही म्हटलं. ताज्या जखमा नाहीत, असं लिहून मी सही केली. तो उठला तेव्हा तळवे टेकू न देता पावलांच्या कडांवर चालत होता. ते मला दिसलं. तरी मी पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

त्याला परत आणायचं होतं त्या दिवशी माझी पाळी नव्हती. मी ती मागून घेतली. या वेळी पोलिसांना पडद्याबाहेर थांबायला लावलं आणि त्याला मोजे काढायला सांगितले. त्याला वाकता येईना, म्हणून मीच काढले. तळवे सुजून काळेनिळे झाले होते. बोटांच्या बेचक्यांत भाजल्याचे लहान गोल डाग होते. मी एकेक डाग मोजून लिहिला, आकृतीवर दाखवला. संध्याकाळी वरिष्ठांनी बोलावून अहवाल पुन्हा लिहायला सांगितलं. मी नाही म्हणाले. तोवर एक प्रत न्यायालयात गेलीही होती.

महिनाभरात माझी बदली नोंदणी कक्षात झाली. तिथे रुग्ण नव्हते, कपाटं होती. सहकारी वाईट वागले नाहीत. फक्त चहाला बोलवेनासे झाले. गणपतीत आम्ही मराठी मंडळी जमायचो, तिथे एका ओळखीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, की अशा लोकांची बाजू कशाला घ्यायची. मी म्हटलं, बाजू नाही, तळवे पाहिले. त्या प्रसादाची ताटं भरायला निघून गेल्या. पुढच्या वर्षी मी गेले नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या नवऱ्याची नागपूरला बदली झाली, मुलगी पुण्याला शिकायला गेली. साक्षीला कधीही बोलावतील म्हणून मी क्वार्टरमध्ये एकटी राहिले. मुलगी फोनवर म्हणायची, "छोड़ दो ना मम्मा, आ जाओ." मी मराठीत बोलायचे, ती हिंदीत.

काही वर्षांनी तो निर्दोष सुटला. त्याच्या छळाचा खटला वेगळा उभा राहिला आणि त्यात मला बोलावलं. पोलिसांच्या वकिलांनी दोन्ही अहवाल माझ्यापुढे ठेवले आणि यातला खरा कोणता, असं विचारलं.

मी म्हणाले, "दुसरा. पहिला मी न पाहता लिहिला."

"का?"

"मला वरून फोन होता. आणि मी ऐकलं."

वरिष्ठांनी असा फोन केल्याचं नाकारलं. पुढे कागदपत्रांत निघालं, की त्या चौकशीत वाटेल ते करायची मुभा एका बैठकीत दिली गेली होती आणि खाली एका बड्या अधिकाऱ्याची सही होती. त्याच्यावर खटला भरायचा तर सरकारची परवानगी हवी. म्हणजे ज्यांनी मुभा दिली, त्यांच्याच दारात परवानगी मागायची. ती नाकारली गेली. दोन शिपाई बडतर्फ झाले. आणि खोटा अहवाल दिल्याचं स्वतःच कबूल केलं म्हणून विभागानं माझ्या सेवापुस्तकात ठपका नोंदवला. त्यावर मी अपील केलं नाही. ठपका खरा होता. फक्त अधिकाऱ्यांपैकी तो माझ्या एकटीच्याच नावावर लागला, हे मला आजही खुपतं.

परवानगी नाकारण्याविरुद्ध त्या मोबाइल दुरुस्त करणाऱ्यानं उच्च न्यायालयात अर्ज केला आहे. त्या फोनबद्दल मी प्रतिज्ञापत्र दिलं. तारखेला मी जाते, मागच्या बाकावर बसते. तो लांब बसायचा, कधी बोलला नाही. गेल्या तारखेला मात्र बाहेरच्या व्हरांड्यात माझ्याजवळ आला.

"डॉक्टर जी, पहले दिन आपको दिखा था?"

हा प्रश्न मला कोणत्याच वकिलानं विचारला नव्हता.

"हां," मी म्हणाले. "चलते हुए दिखा था."

माफ केलं असं म्हणाला नाही, रागावलाही नाही. "मुझे लगता था, किसी को नहीं दिखा," एवढंच बोलला आणि वकिलाकडे गेला.

पुढची तारीख मिळाली. घरी येऊन नवऱ्याला फोन केला. तुझ्या निवृत्तीनंतर तरी नागपूरला येशील ना, त्यानं विचारलं. मी म्हटलं, अजून बघू. मग एकटीपुरता भात लावला.