म्हशीचे वरचे दात

आमच्या गल्लीच्या तोंडाला तालीम मंडळाचा एक काळा फळा आहे. मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, नंबरप्लेटी, ट्रकच्या मागचे मोर आणि कमळं यावर माझं घर चालायचं. अक्षर बरं म्हणून फळाही माझ्याच गळ्यात पडला होता. त्यावर ठरलेलं असायचं: उद्या नळाला पाणी येणार नाही, अमक्याचा मुलगा दहावी पास झाला त्याचं अभिनंदन, तमक्याचे वडील वारले, रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी आठ वाजता. कुणी गेलं की मंडळाचा अध्यक्ष आधी माझ्या दारात यायचा आणि मग तिरडीच्या बांबूला माणसं पाठवायचा.

सत्त्याण्णव साली माझ्या मानेला गाठ आली. संध्याकाळी ताप यायचा, विजार कमरेला राहत नव्हती. मिरजेला नेऊन गाठीचा तुकडा काढला. रिपोर्ट आणायला बायको एकटीच गेली. मी म्हटलं, मी येतो की. तर म्हणाली, "कशाला उन्हात? मी जाऊन येती." परत आली ती थेट मोरीत गेली आणि बराच वेळ तोंड धूत बसली. मग मला म्हणाली, "टीबीची गाठ हाय. शेक दिला की जिरती म्हनलेत डॉक्टर."

टीबीला शेक देतात हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

शेकासाठी, म्हणजे मशीनखाली मान धरून पडायला, रोज मिरजेला जायचं. पहिल्याच दिवशी तिनं मला हॉस्पिटलच्या मागच्या दारानं आत नेलं. जवळ पडतंय म्हणाली. मी पेंटर माणूस, कुठंही गेलो तरी आधी पाटी बघतो, अक्षर कुणी काढलंय, रंग कुठला मारलाय. हे तिला चांगलं ठाऊक होतं. पुढच्या दारावर अशी कुठली पाटी होती, जी मी बघायची नव्हती? आत बाकड्यावर सहासात माणसं बसली होती आणि सगळ्यांनाच म्हणे साधंच काहीतरी झालं होतं. एका बाईला दुधाची गाठ, एका म्हाताऱ्याला तंबाखूनं आलेलं तोंड. आजारी माणसं एकमेकांशी पीकपाण्याच्या गप्पा मारत होती. सोबत आलेली माणसं मात्र एकमेकांकडं बघत नव्हती.

मी सरळ विचारायला हवं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून मी घाबरलो होतो. तेव्हा मात्र त्याला मी हुशारी समजत होतो. म्हटलं, आपण गप्प राहायचं आणि एकेकाला खोटं बोलताना पकडायचं.

शिडीवर चढायला बंदी आली होती. दिवसभर अंथरुणावर पडून पेपर चाळायचा. निवडणुका, मारामाऱ्या वाचून ताप वाढायचा, म्हणून मी आतल्या पानावरच्या विज्ञानाच्या बातम्या वाचायला लागलो. परदेशात एका मेंढीवरून हुबेहूब दुसरी मेंढी केली. मुंग्या आपली वाट वासावरून ओळखतात. एकट्यानं वाचून करमेना, तेव्हा मी त्या फळ्यावर लिहायला घेतल्या. रोज दुपारी एक बातमी, रंगीत खडूनं, खाली चित्र. पश्चिमेला शेपटीचा तारा दिसायला लागला तेव्हा अर्धी गल्ली संध्याकाळी गच्चीवर उभी राहिली, तीही माझ्या फळ्यामुळं. त्या एका आठवड्यात मला ताप आल्याचं आठवत नाही.

सुरुवातीला लोकांनी रीतसर भांडणं केली. सगळ्यात जास्त आमच्या गवळ्यानं. हा संध्याकाळी फळ्यासमोरच्या कट्ट्याजवळ म्हशी बांधायचा आणि गिऱ्हाइकाच्या देखत ग्लासात धार काढून द्यायचा. त्याची माझी मैत्री लहानपणापासूनची. वटवाघूळ हा पक्षी नव्हे, ते पिलाला दूध पाजतं, असं मी लिहिलं, तर त्यानं चरवी खाली ठेवून तासभर वाद घातला. "अरं पेंटर, कुणी काढलंय वागळाचं दूध? फॅट किती लागतंय त्येला, सांग की!" सगळा कट्टा हसत होता. मी घसा बसेपर्यंत ओरडलो आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मग हळूहळू काहीतरी बदललं.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते किराणा दुकानात. दुकानदार म्हणजेच आमचा मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या घरात कानडी बोलतात, पण दुकानात कधी बोलत नसत. आता मी काउंटरला उभा राहिलो की तो आईशी कानडीत काहीतरी बोलायचा. मला कानडी येतं ते बेकू आणि बेडापुरतं, म्हणजे हवं आणि नको एवढंच. बोलून झालं की म्हातारी माझ्या मानेकडं बघायची आणि मुठीतला गूळ माझ्या हातावर ठेवायची. त्या म्हातारीनं आयुष्यात कुणाला फुकट गूळ दिलेला मी पाहिला नव्हता.

मग बातम्यांचा पूर आला. इतकी वर्षं आमच्या गल्लीला कावळा आणि चिमणी सोडून तिसरा पक्षी ठाऊक नव्हता. आता जो तो मला काहीतरी पाहिल्याचं सांगायला यायचा. अध्यक्षाला म्हणे गडमुडशिंगीच्या उसात कोल्ह्याची पिलं दिसली. कुणाच्या तरी साडूनं शाहूवाडीकडं शेकरू पाहिलं. एकानं तर रंकाळ्यावर हंस बघितला. मी खवळलो. म्हटलं, "हंस कुठला इथं? बगळा असेल." तो लगेच म्हणाला, "असंल, बगळाच असंल." आणि गेला. कोल्हापूरचा माणूस चुकलो म्हणून कधी कबूल होतो का? तेही भर रस्त्यात, चार माणसांसमोर? मला त्या रात्री झोप आली नाही. मी फळ्यावर शेकरू लिहिलं, कोल्हाही लिहिला. यातलं खरं किती आणि मला रमवायला आणलेलं किती, कळायला मार्ग नव्हता.

तिसरी गोष्ट याहून वाईट. दोन महिन्यांत गल्लीत कुणी मेलंच नाही. एवढी मोठी गल्ली, पिकली पानं घरोघरी, आणि अध्यक्ष कुणी गेल्याचं सांगायला एकदाही माझ्या दारात आला नाही. पाणी येणार नाही हे सांगायला यायचा, सत्काराचं सांगायला यायचा. एका सकाळी मी दूर मागच्या बोळापर्यंत चालत गेलो, तर तिथल्या मंडळाच्या फळ्यावर कोंबडी चालून गेल्यासारख्या अक्षरात आमच्याच गल्लीतल्या माणसाचं रक्षाविसर्जन लिहिलेलं. त्याच्याबरोबर मी तालमीत लाल मातीत लोळलो होतो. तो गेला आणि मला पत्ता नाही. मी तसाच दुकानात गेलो. अध्यक्ष डाळ मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हटलं तुला कशाला तरास. तू आपलं पाखरांचं लिव्ह."

आणि गवळी मला अहोजाहो करायला लागला होता.

आता मी काही दूधखुळा नव्हतो. पाणी कुठंतरी मुरत होतं आणि मला वाटत होतं ते माझ्याच पायाखाली मुरतंय. मी मरणार आहे का, एवढंच मला कळायला हवं होतं. बायको सांगणार नव्हती, डॉक्टर तिच्या बाजूचा. मग मी ठरवलं की फळ्यावर खोटं लिहायचं. असं खोटं, की जे गवळ्याला झोपेतसुद्धा सहन होणार नाही. तो भांडला, तर मी बरा होणार. नाही भांडला, तर काय ते समजायचं.

दुपारी मी मोठ्या ठळक अक्षरात लिहिलं: म्हशीला वरच्या जबड्यात पुढं आठ दात असतात. खाली पांढऱ्या खडूनं दात दाखवणारी म्हैस काढली. बाजारात म्हैस घेताना गवळी आधी तोंड उघडून दात बघतो. पुढचे दात फक्त खाली असतात, वर नुसती टणक हिरडी, हे त्याला रांगायच्या आधीपासून ठाऊक. मी कट्ट्यावर जाऊन बसलो.

संध्याकाळी तो आला. म्हशी बांधल्या, चरवी विसळली आणि सवयीनं फळ्याकडं वळला. ओठ हलवत एकेक शब्द वाचला. मग म्हशीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी विचारलं, "काय रे, बरोबर आहे का?"

तो खाली बसून धार काढायला लागला. म्हणाला, "बरोबरच असनार की. तुमी लिवलंय म्हंजे."

मी उठलो, म्हशीजवळ गेलो आणि तिच्या नाकपुड्यांत बोटं घालून वरचा ओठ उचलायला लागलो. "कुठं आहेत दात? दाखव! मोज!" म्हैस बिथरली, चरवी कलंडली, दूध गटाराकडं निघालं. कट्ट्यावरची माणसं ग्लास हातात धरून उभी राहिली. गवळ्यानं मला मागून दोन्ही हातांनी कवळा घातला.

"सोड तिला, पेंटर! वरती दात नस्त्यात. म्हाईत हाय मला. माज्या आज्यालाबी म्हाईत हुतं!"

"मग बरोबर कसं म्हणालास?"

"तुज्या बायकूनं शपत घाटलीया. ह्याच म्हशीच्या पाठीवर हात ठिवायला लावलाय. तुज्याशी भांडायचं न्हाय, तुला दुखवायचं न्हाय, आनि त्यो शब्द काढायचा न्हाय."

"कुठला शब्द?"

त्यानं म्हशीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग आमच्याकडं बोलतात तसा, पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलला.

"कॅन्सर! कॅन्सर झालाय तुला!"

मी भ्यालो. आयुष्यात तेवढा कधी भ्यालो नव्हतो. पण खरं सांगतो, त्याच वेळी मला बरंही वाटलं. दोन महिने सगळे माझ्याशी देवळात बोलल्यासारखे बोलत होते. कुणीतरी माझ्यावर ओरडलं, याचंच मला रडू आलं. गवळीही रडत होता आणि रडता रडता दुधाला शिव्या देत होता.

मी विचारलं, "मी मरणार का रे?"

"ते मला काय म्हाईत? मी म्हशीचं सांगतो. मान्साचं डॉक्टरला इचार."

तेवढ्यात मला बायको दिसली. ती दूध न्यायला तांब्या घेऊन आली होती आणि गिऱ्हाइकांच्या मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझा सगळा संताप तिच्यावर फिरला. म्हटलं, "गवळ्याला सांगितलंस, दुकानदाराला सांगितलंस, त्याच्या आईला कानडीतून कळलं. सगळ्या गल्लीला ठाऊक, आणि ज्याच्या मानेला गाठ त्यालाच नाही!"

ती भांडली नाही. मला हाताला धरून घरी घेऊन आली, दार लावलं आणि समोर बसली.

"तुमास्नी कवा कळलं?" तिनं विचारलं.

"आत्ता. तुझ्यादेखत."

"खोटं बोलू नगासा. ज्याला काय ठाव न्हाय, त्यो कशाला लोकांची परीक्षा घील? म्हशीच्या दातांचं मुद्दाम लिवलासा. का लिवलासा?"

मी फळ्यावर दोन महिने जगभरच्या प्राण्यांबद्दल लिहीत होतो, लोकांच्या नजरा मोजत होतो, प्रत्येकाला चोर ठरवत होतो. ती काय करत होती, ते मी एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. तिचे डोळे खोल गेले होते, आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"पहिल्याच आठवड्यात," मी म्हटलं. "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

मला वाटलं ती आता रडेल. रडली नाही.

"मग दोन म्हैनं मला एकटीला का ठिवलासा?" ती म्हणाली.

पुढं शेक पुरे झाले, गाठ जिरली, कित्येक वर्षं तपासण्या झाल्या आणि मी वाचलो. तिनं माझ्यापासून त्यानंतर कधीही काही लपवलं नाही. त्या संध्याकाळच्या तिच्या प्रश्नाला मात्र मी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि आता ती विचारतही नाही.