गंगाक्काच्या ओव्या आणि दोन डब्यांची घड्याळं

सगळ्यांत आधी कोण आली असेल? गंगाक्का! चारला बोलावलेलं, बाई कलघटगीहून तीनलाच हजर. हळदीच्या ओव्या तिच्याशिवाय कुणाला पाठ नाहीत, आणि आता तीही विसरायला लागली आहे. म्हणून माझी नात प्रिया त्या कंप्युटरमध्ये भरून घेणार होती.

आम्ही सहाजणी, माइक सहा. आवाज आत घेणाऱ्या एका डब्याला चारच माइक जोडता येतात, म्हणून तिनं दोन डबे जोडले. पण नंतर ऐकलं तर काय, शेवटाला निम्म्याजणी पुढं, निम्म्या मागं!

"परत म्हणू? माझा गळा काय नळ हाय?" गंगाक्का तडकली.

प्रिया म्हणाली, "अज्जी, चूक माझी. दोन्ही डबे आतल्या आपापल्या घड्याळानं चाललेत, म्हणून आवाज मागंपुढं झाले. एकाला म्होरक्या करते, दुसरा त्याच्या मागं चालेल." तिनं दोघांमध्ये एक केबल लावली, सेटिंग बदललं.

"असं सांग की मग! मी ओवी उचलते, ह्या मागून ओढतात, तसंच," म्हणत गंगाक्का परत गायली. अय्यो, शेवटपर्यंत सहाही आवाज एकत्र! पोरीचं किती कौतुक करू?

तुमच्याकडं कुणी अशी गाणी भरून ठेवलीत का? आमच्या निम्म्या ओव्या राहिल्यात, सगळ्याजणी बुधवारी येतो म्हणाल्यात.